वारा कुणाचा नोकर नाही

आमच्या टीम डेच्या गूगल फॉर्मवर सगळ्यात शेवटी एक ओळ होती : 'मी या उपक्रमात स्वेच्छेने सहभागी होत आहे.' तिच्यापुढे एक चौकोन. त्यात टिक केल्याशिवाय फॉर्म सबमिट होत नव्हता. 'मी सहभागी होत नाही' असा दुसरा चौकोन नव्हताच. फॉर्म ३४ जणांना गेला आणि ३४ जणांनी 'स्वेच्छेने' टिक केली.

ती ओळ मी लिहिली होती. तो चौकोन सक्तीचा मीच केला होता. त्यामुळे पुढे कंपनीला जे जे म्हणणार आहे ते आधी मला लागू आहे, हे सांगून टाकतो.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, तो खेळ नसतो. ते काम असतं. आणि कामाला खेळ म्हटलं की दोन गोष्टी एकदम बुडतात : कामाचे पैसेही मिळत नाहीत आणि खेळाचा आनंदही.

मी चांदूर बाजारचा. अमरावती जिल्हा, संत्र्याचा पट्टा, नरखेड-अमरावती रेल्वेलाइनवरचं गाव. गेली नऊ वर्षं पुण्यात एका आयटी कंपनीत आहे, सध्या टीम लीड. कंपनीचं मुख्य ऑफिस नेदरलँड्समध्ये. मागच्या हिवाळ्यात तिकडच्या टीमचा एक व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला. ते लोक नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा नावाच्या बर्फाळ पठारावर गेले होते. पायात स्की, कमरेला हार्नेस आणि हार्नेसला लांब दोऱ्यांनी बांधलेला भलामोठा पतंग. याला स्नोकाइटिंग म्हणतात. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस सपाटीवरच काय, चढावरही घसरत जातो. व्हिडिओ खरंच भारी होता. मी तीनदा पाहिला.

सोमवारच्या मीटिंगमध्ये आमचे हेड म्हणाले, "आपल्यालाही असंच काहीतरी पाहिजे. विंटर, विंड, टीम." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बघ ना हे. तुमच्याकडे संक्रांतीला पतंग उडवतातच की." सगळे हसले. मीही हसलो. माझ्या स्वेच्छेची सुरुवात तिथून झाली.

गुलमर्गचा हिशेब करून पाहिला. विमान, हॉटेल, कपडे, साहित्य, शिकवणारे. एचआरनं आकडा बघितला आणि मेलला उत्तरच दिलं नाही. शेवटी बर्फ गळाला आणि वारा उरला. मावळातल्या एका डोंगरावर टँडम पॅराग्लायडिंग, जानेवारीतला शनिवार, नाव 'विंड डे'. मी एक्सेल शीट बनवली. साडेसहाला बस, साडेनऊला आइसब्रेकर (बर्फ नसलेल्या डोंगरावर बर्फ फोडायचा खेळ), दहा ते एक उड्डाण, एकला जेवण, दोनला 'लर्निंग्ज', चारला ग्रुप फोटो. शीट इतकी नीट झाली होती की हेडनी ती दुसऱ्या टीमला नमुना म्हणून पाठवली.

त्या शीटमध्ये एक मोठी चूक होती. वाऱ्याला ती कुणी पाठवली नव्हती.

आपल्या महाराष्ट्रात वारा मुख्यतः पावसाळ्याचा. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या गरगरतात त्या पावसाच्या दिवसांत. हिवाळ्यात हवा शांत असते, सकाळी तर पानही हलत नाही. उन्हानं डोंगर तापला की दरीतून वर वारा यायला लागतो. पॅराग्लायडरला तो समोरून आणि एकसारखा लागतो. कमी असला तर पंख नीट भरत नाही. झटक्याझटक्यानं आला तर धोका. पाठीमागून आला तर उडायचंच नाही. हे सगळं तिथल्या पायलटनं आम्हाला पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. दहा वाजले, अकरा वाजले, काठीवरचं कापड मेल्यासारखं लोंबत होतं.

साडेअकराला हेड त्याच्याकडे गेले. "आमचा लंच एकला आहे," म्हणाले.

तो शांतपणे म्हणाला, "सर, वारा आल्याशिवाय मी पाय उचलणार नाही."

त्या दिवशी त्या डोंगरावर 'नाही' म्हणणारा तो एकटा माणूस होता. आम्हा ३४ जणांपेक्षा त्याचं उत्पन्न बहुधा कमी असेल. पण त्याला वाऱ्याचं काम ठाऊक होतं. या खेळात अर्धा दिवस वाट बघणं हाच खेळ असतो.

ज्या देशातून तो व्हिडिओ आला, त्या देशाला हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतात अकरा गावांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची स्केटिंगची शर्यत असते, एल्फस्टेडेनटोख्त. कालवे गोठून बर्फ १५ सेंटिमीटर जाड झाल्याशिवाय ती होत नाही. शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ ला. तेव्हापासून सगळा देश दर थंडीत बर्फाकडे बघतो, मोजतो आणि पुन्हा पुढच्या वर्षाची वाट बघतो. तारीख आधी ठरवून, कृत्रिम बर्फ टाकून ती शर्यत 'उरकून' घ्यावी असं कुणी करत नाही. वाऱ्यावर चालणाऱ्या गाडीचा सध्याचा वेगाचा विक्रम डिसेंबर २०२२ मधला आहे. न्यूझीलंडच्या संघानं ऑस्ट्रेलियातल्या एका कोरड्या खाऱ्या तळ्यावर ताशी २२२.४ किलोमीटर वेग गाठला. त्याआधी ठरवलेल्या तळ्यात पाणी भरल्यामुळे त्यांना जागाच बदलावी लागली होती. इंजिन नसलेल्या गाडीनं २२२ चा वेग घ्यायचा असेल तर आधी बसून राहता यावं लागतं. आमच्या शीटमध्ये बसून राहायला रकानाच नव्हता.

आता त्या दिवसाची खरी गोष्ट.

आमच्या टीममध्ये टेस्टिंगला एक मुलगी होती. कंपनीत येऊन सात महिने झाले होते. बसमधून उतरताना ती हळूच मला म्हणाली, "दादा, उडायलाच हवं का?" मी म्हणालो, "अगं, पायलट सोबत असतो. दहा मिनिटांचं काम. सगळेच करतायत." या तीन वाक्यांत एकही खोटं वाक्य नाही. पण तिनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर 'नाही, उडायलाच हवं असं नाही' एवढंच होतं आणि तेवढंच मी दिलं नाही.

वारा दोनच्या सुमाराला आला. चार वाजता तिचा नंबर लागला. हार्नेसचे पट्टे बांधताना ती एकदा मागे वळून बघत होती. मागे आम्ही सगळे टाळ्या वाजवत तिच्या नावाचा घोष करत होतो. अशा वेळी मागे फिरायला जे धैर्य लागतं ते उडायला लागणाऱ्या धैर्याच्या दसपट असतं. ती उडाली. पायलट चांगला होता, त्यानं तिला सुखरूप उतरवलं. खाली आल्यावर तिला उलटी झाली, पाय थरथरत होते, उभं राहता येईना. तेव्हाही टाळ्या. कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. बस पुण्यात पोचायच्या आत तो ग्रुपवर होता. वर लिहिलं होतं, 'कम्फर्ट झोनच्या बाहेर!' खाली २६ अंगठे. त्यातला एक माझा.

मार्चमध्ये वार्षिक मूल्यमापन झालं. टीम लीड म्हणून शेरे माझ्या डोळ्यांखालून जातात. तिच्या नावापुढे लिहिलं होतं : 'कम्फर्ट झोनच्या बाहेर येण्याची तयारी.' आमच्यातलाच एक सीनियर गुडघा दुखतो म्हणून त्या दिवशी खाली सावलीत बसून होता. त्याच्या नावापुढे : 'टीम ॲक्टिव्हिटीत सहभाग कमी.' म्हणजे जो दिवस खेळाचा म्हणून सांगितला होता, त्याचे मार्क लागले. शाळेत निदान पेपर द्यायच्या आधी सांगतात की हा पेपर आहे.

मे महिन्यात तिनं नोकरी सोडली. दुसरीकडे बरी नोकरी मिळाली म्हणून सोडली, उगाच त्या दिवसाशी जोडत नाही. पण शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये चहा घेताना म्हणाली, "दादा, मी घाबरले त्याचं मला काही वाटत नाही. मी घाबरलेली सगळ्यांना दाखवली, त्याचं वाटतं. आणि फॉर्म तर तुम्हीच पाठवला होता ना?"

मी म्हटलं, हो.

या लेखावर कोणते आक्षेप येतील ते मला माहीत आहे, कारण हेच आक्षेप मी स्वतः वर्षानुवर्षं दुसऱ्यांवर घेतलेत.

पहिला : 'कंपनीनं फुकट फिरवलं, खाऊ घातलं, वर तक्रार?' फुकट काही नव्हतं. शनिवार माझा होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे. कंपनीनं कायदा मोडला नाही, रविवार शिल्लक होताच. पण ज्याची आई बाबा गावाकडे आजारी आहेत, ज्याचं बाळ आठ महिन्यांचं आहे, ज्याला आठवडाभराची झोप काढायची आहे, त्याचा शनिवार तुम्ही घेतला आणि बदल्यात त्यानं न मागितलेली वस्तू दिली. मी हे सगळं घरी फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी बलावलं, पैसेबी नाई देल्ले, अन् तिले खेळ म्हंतात काय रे बापू?" तिला एचआर पॉलिसी माहीत नाही. तिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या आणि स्वतःच्या वावरात काम केलंय, त्यामुळे काम कशाला म्हणतात ते माहीत आहे.

दुसरा : 'पण बऱ्याच जणांना मजा आली.' आली, खरंच आली. मलाही आली. दरीवर तरंगताना खाली पवना-इंद्रायणीचा मुलूख दिसतो तेव्हा कोणाला नाही येणार? पण लग्नात ३० जण पोटभर जेवले म्हणून चार जणांच्या तोंडात घास कोंबायचा नसतो.

तिसरा, आणि सगळ्यात लाडका : 'तुम्ही लोक कम्फर्ट झोनमधून बाहेरच येत नाही.' यातलं 'तुम्ही लोक' मला चांगलंच ऐकू येतं. छोट्या गावातून आलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा, पोहायला न शिकलेला, उंचीवर चक्कर येणारा. अहो, चांदूर बाजारहून पुण्याला आलो तेव्हाच मी कम्फर्ट झोन सोडला. त्या मुलीनं २२ व्या वर्षी घर सोडून अनोळखी शहरात खोली घेतली तेव्हा सोडला. तुमच्या बसनं डोंगरावर जाऊन तो नव्यानं सोडायची गरज नाही. आणि खेळाचं म्हणाल तर आमच्या अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ साली त्यांच्या चमूनं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. खेळायला वऱ्हाडाची ना नाही. ती मुलं तिथं गेली कारण तिला खेळायचं होतं आणि त्यासाठी ती घाम गाळून तयार झाली होती. त्यांना कुणी फॉर्म पाठवला नव्हता.

खेळ म्हणजे काय, यावर जगातल्या एका गाजलेल्या पुस्तकाचा लेखक डचच होता. योहान हुइझिंगा, लायडन विद्यापीठातला इतिहासाचा प्राध्यापक. त्याचं 'होमो लुडेन्स' १९३८ साली आलं. त्यात त्यानं खेळाची पहिली खूण सांगितली ती हीच : खेळ स्वतःच्या मर्जीनं होतो. हुकमावरून केलेला खेळ हा खेळ राहत नाही, फार तर खेळाची नक्कल होते. आमच्या मुख्य ऑफिसपासून लायडन अर्ध्या तासावर आहे.

फ्रान्समध्ये ही गोष्ट थेट कोर्टात गेली. पॅरिसमधल्या एका सल्लागार कंपनीनं २०१५ मध्ये एका कर्मचाऱ्याला काढलं. त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक असा की तो कंपनीच्या 'मजा' करण्याच्या संस्कृतीत मिसळत नाही, सेमिनार आणि आठवड्याअखेरच्या दारूच्या बैठकांना येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं सांगितलं की अशा मजेला नकार देणं हा त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, त्यासाठी त्याला काढता येणार नाही. मजा न करण्याचा हक्क कोर्टातून मिळवावा लागतो, यावरून त्या मजेची जात ओळखा.

आणि वाऱ्यावरच्या टीम डेचा एक जुना किस्सा, ४०० वर्षांपूर्वीचा. तोही डच. सिमॉन स्टेव्हिन नावाच्या गणितज्ञानं १६०० च्या सुमाराला राजपुत्र मॉरिससाठी शिडाची गाडी बनवली. चाकं लावलेली, शीड उभारलेली, समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर वाऱ्यानं पळणारी. शेव्हेनिंगनहून पेटनपर्यंत ती २८ जणांना घेऊन दोन तासांच्या आत गेली, घोड्यांना मागे टाकत. सुकाणू खुद्द राजपुत्राच्या हातात. सोबत दरबारी, परदेशी पाहुणे आणि एक स्पॅनिश सरदार, फ्रान्सिस्को दे मेंडोझा. हा मेंडोझा १६०० च्या लढाईत पकडला गेलेला कैदी होता. असं सांगतात की राजपुत्रानं गंमत म्हणून गाडी समुद्राच्या दिशेनं वळवली आणि आतल्या अनेकांचा थरकाप उडाला.

मी हा किस्सा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं आणि मग नाही आलं. गाडी भन्नाट होती यात शंका नाही. गंमत गंमतच होती, पण ती सुकाणू धरणाऱ्याची. त्या २८ जणांमध्ये राजपुत्राला 'मला उतरव' म्हणू शकणारा कोण होता? कैदी तर नव्हताच. दरबारी तरी होता का?

आता कुणी म्हणेल, हा माणूस शेवटी गावाकडच्या आठवणी काढणार आणि गाव कसं छान होतं ते सांगणार. काढणार आहे, पण छान होतं म्हणून नाही.

वाऱ्यावर चालणारं हिवाळ्यातलं सांघिक काम मी लहानपणी पाहिलंय. त्याला उपणणी म्हणतात. आमच्याकडे हडंबा आला होता, मोठं पीक त्यातूनच निघायचं. पण घरखाण्याची तूर आणि हरभरा आजी खळ्यावर उपणूनच घ्यायची. एक जण तिवईवर उभा, हातात टोपलं. दुसरा खालून भरून देणार. तिसरी बाई झाडणीनं राशीवरचं कुटार बाजूला करणार. वरून धार सोडली की दाणे सरळ खाली आणि कुटार वाऱ्यानं पलीकडे. वारा पडला की काम बंद. सगळे बाभळीखाली. आजी अधीर झाली की आमचा सालदार म्हणायचा, "वारा काई आपल्या बापाचा नवकर हाये काय, आजी? बसा चूपचाप." आणि आजी बसायची. मालकीण आणि सालदार दोघंही वाऱ्यापुढे सारखेच रिकामे. मग गप्पा निघायच्या. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाची मोटर जळली. टीम बिल्डिंग म्हणतात ते झालंच असेल तर त्या बाभळीखाली झालं. टोपल्याच्या वेळी नाही.

पण हेही सांगतो. त्या सालदाराला 'आज मी येत नाही' म्हणता येत नव्हतं. पाडव्याला साल ठरलं की वर्षभर तो बांधलेला. त्याच्या पोराला ताप असला तरी तो खळ्यावर असायचा. म्हणून गाव चांगलं आणि कंपनी वाईट असं मला म्हणायचंच नाही. फरक एवढाच की त्याला कुणी सांगितलं नाही की हा तुझा आनंदाचा दिवस आहे. काम होतं, कामाला काम म्हणायचे, आणि त्याचं साल, थोडं का असेना, ठरलेलं होतं. त्याला हसून दाखवावं लागत नव्हतं.

पतंगाचंही तसंच. संक्रांतीला आमच्या गच्चीवर चक्री कोण धरणार, पेच कोण लावणार यावर भांडणं व्हायची. ज्याला नको तो खाली बसून तीळगूळ खायचा, त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. पण तिथंही ईर्ष्या वाढली, नायलॉन मांजा आला आणि दुसऱ्यांचे गळे चिरले जाऊ लागले. राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो चोरून मिळतोच. खेळणाऱ्याची मजा न खेळणाऱ्याच्या गळ्यापर्यंत पोचली की तिच्यावर बंधन घालावं लागतं. रस्त्यानं गाडीवर जाणाऱ्या माणसानं तुमच्या पेचात भाग घ्यायला टिक केलेली नसते.

आमच्या तालुक्यात बहिरमची यात्रा २० डिसेंबरला सुरू होते ती महिनाभराहून जास्त चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी, कडाक्याच्या थंडीत लोक चुली मांडतात, रोडगे भाजतात, हंडी शिजवतात. ज्याला ज्या दिवशी जमेल तो त्या दिवशी येतो. एकाच शनिवारी सगळ्यांनी यावं असा आग्रह नाही, हजेरी नाही, न येणाऱ्याच्या नावापुढे शेरा नाही. तरीही यात्रा भरते. लोकांना हवी असलेली गोष्ट सक्ती न करताही भरते, यावर आमच्या एचआरचा विश्वास नाही. त्यांना वाटतं, सोडलं तर कुणी येणारच नाही. हे वाटणंच पुरेसं बोलकं नाही का?

तर माझ्या मागण्या अशा. टीम डे कामाच्या दिवशी ठेवा, कामाच्या वेळेत. फॉर्मवर 'नाही' चा चौकोन ठेवा आणि कारण विचारू नका. कारण विचारलं की माणसाला आपला आजार, आपली भीती, आपलं घर तुमच्यापुढे उघडं करावं लागतं. विचारल्याशिवाय कुणाचा व्हिडिओ काढू नका, भीतीचा तर नाहीच. मूल्यमापनात त्या दिवसाचा उल्लेखही नको, चांगलाही नको, कारण एकाला चांगला शेरा दिला की न आलेल्याला आपोआप वाईट मिळतो. आणि वाऱ्यावरचा खेळ घेतलाच, तर डोंगरावर शेवटचा शब्द पायलटचा.

ह्यात क्रांती काही नाही. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. तरी ह्या मागण्या मी मेलवर पाठवल्या तेव्हा उत्तर आलं, 'पॉइंट नोटेड, पण पार्टिसिपेशनवर परिणाम होईल.'

यंदा डिसेंबरमध्ये पुन्हा काम माझ्याकडेच आलं, मागची शीट छान झाली होती म्हणून. ह्या वेळी मी फॉर्मवर दोन चौकोन ठेवले. 'येतो/येते' आणि 'येत नाही'. खाली लिहिलं : 'दोन्ही उत्तरं चालतील. कारण देऊ नये. उत्तरं फक्त मला दिसतील.' हेडना न विचारता पाठवून दिला. याबद्दल माझ्या नावापुढे मार्चमध्ये काय शेरा येईल ते मला माहीत नाही, आला तर आला.

संध्याकाळपर्यंत ३४ उत्तरं आली. 'येत नाही' म्हणणारे १३ होते.

हे १३ जण मागच्या वर्षी कुठं होते? माझ्याच बसमध्ये होते. टाळ्या वाजवत होते.